तीन इंची छप्पर

सर वाळू चाखून बघायचे.

ट्रक येऊन उभा राहिला की ते चपला काढून मागच्या फळीवर चढायचे, ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे आणि आतली चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. ड्रायव्हर, हमाल आणि मी खाली ताटकळत उभे. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, मनात काहीतरी देवाचं म्हणताहेत. थोड्या वेळाने ते बाजूला थुंकले आणि म्हणाले, "खाडीची आसा. परत घेऊन जा."

"नदीची आसा ओ, सर. शपथ घेऊन सांगतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"नदीचीच. पण भरतीचा पाणी जंय पोचता, थंयची. माका जीभ सांगता."

ड्रायव्हरने ट्रक वळवला आणि दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाची गोडी वाळू घेऊन आला. खारट वाळूने सिमेंटच्या पोटातलं लोखंड गंजतं, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल. पण त्यासाठी नमुना तपासायला पाठवायचा की जीभ बाहेर काढायची, याबद्दल मतभेद असू शकतात. सर म्हणायचे, "प्रयोगशाळा कोल्हापुरात आणि जीभ तोंडात. जवळची कुठली?"

मी त्यांच्याकडे दोन हजार दोन साली लागले. सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच झाला होता. आमचं घर धामापूरचं. थोडी भातशेती, थोडी काजूची झाडं. मुलगी आता कुठल्यातरी सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसणार, असं वडील धरून चालले होते. तोवर घरी बसण्यापेक्षा काही शिकावं म्हणून कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले होते आणि मालवणजवळच्या आपल्या वाडीत, खाडीकाठच्या चिऱ्यांच्या घरात परत आले होते. पडवीत एक मोठं टेबल टाकून लोकांना घरांचे, विहिरींचे, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे करून द्यायचे.

मुलाखत त्याच टेबलापाशी झाली. त्यांनी माझी मार्कलिस्ट बघितलीच नाही. पुस्तकांच्या दोन चळती समोरासमोर ठेवल्या, माझ्या हातात एक कोरं पोस्टकार्ड आणि सुपारीएवढा दगड दिला आणि म्हणाले, "या दोन चळतींच्या मध्ये कार्ड ठेव. त्याच्यावर हा दगड राहिला पाहिजे."

मी कार्ड सपाट ठेवलं. दगड ठेवताच ते मधोमध दबलं आणि सगळं खाली आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा आलं. तोवर हाताला इतका घाम सुटला होता की कार्डाला आपोआप बाक आला. तिसऱ्या वेळी मी ते तसंच, कमानीसारखं, दोन चळतींच्या मध्ये दाबून बसवलं. दगड राहिला.

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "का राहिला?"

"बाक आला म्हणून," मी चाचरत म्हटलं.

"अर्धं उत्तर. बाक आला आणि पुस्तकांनी कार्डाला पाय पसरू दिले नाहीत म्हणून. हे दुसरं अर्धं विसरतात ते इंजिनिअर छपरं पाडतात. उद्यापासून ये."

त्यांचं सगळं बोलणंच असं होतं. कुणी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालला असला, एसटीच्या टपावर आंब्याच्या पेट्या चढत असल्या, बाजारात कुणी तराजू उचलला, की सर थांबायचे आणि विचारायचे, "जोर खंय जाता?" म्हणजे हे जे वजन आहे, ते कशातून कशात उतरत शेवटी जमिनीला कुठे पोचतं, ते सांग. लोक हसायचे. मालवणच्या स्टँडवरचा एक कंडक्टर तर त्यांना बघितलं की स्वतःच म्हणायचा, "सर, जोर चाकात जाता, चाकातसून डांबरात. आता बसा."

जानकीमावशीची ओळखही अशीच झाली. ती सरांच्या वाडीच्या किनाऱ्यावरची मासे विकणारी, पन्नाशीची, उंच आवाजाची. किनाऱ्यावरच्या तीस-बत्तीस मासेवाल्या तिच्या शब्दाबाहेर नसत. एका सकाळी ती डोक्यावर पाटी घेऊन झपाझप निघाली होती आणि सर तिच्या मागून जवळजवळ पळत होते. त्यांना तिची चुंबळ बघायची होती. पाटीखालचं ते गुंडाळलेलं फडकं बाहेरच्या बाजूला फाकायला बघतं आणि त्याचा पीळच त्याला धरून ठेवतो, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं होतं आणि थांबवत नव्हतं. मावशी गर्रकन वळली.

"काय व्हया तुमका?"

"बाय, जोर खंय जाता, ता बघतंय."

"जोर माझ्या मानेत जाता," मावशी म्हणाली. "आणि तुमी वाट सोडलास नाय तर तुमच्या गालार येतलो."

सरांनी ही गोष्ट मला त्याच दिवशी सांगितली आणि मग आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. शेवटी म्हणायचे, "सगळ्यांत अचूक उत्तर तिनेच दिलं. मानेत."

त्यांचं वेड एकच होतं: पातळ कवचं. अंड्याचं कवच, नारळाची करवंटी, खाडीतल्या तिसऱ्यांची शिंपली, होडीचं अंग. ज्याची जाडी जवळजवळ नाहीच आणि तरी जे भार घेतं, ते सगळं. त्यांच्या टेबलाचे खण करवंट्यांनी भरलेले असत. "सपाट स्लॅब वाकून भार घेतो," ते मला सांगायचे, "म्हणून त्याला अंगाने जाड व्हावं लागतं. कवच वाकत नाही. ते भार आपल्या कातडीतून वाहून नेतं, पाण्यासारखा. काही ठिकाणी दाबून, काही ठिकाणी ताणून, आणि काही ठिकाणी कातरीतून. ही कातर ज्याला कळली त्याला कवच कळलं." पुस्तकात तिला कर्तरी बल म्हणतात, कॉलेजात आम्ही शिअर म्हणायचो. सर नुसतं कातर म्हणायचे.

गणित ते प्रमाण मराठीत सांगत. पण एखादी गोष्ट जमली, दिसली, पटली, की जीभ मालवणीवर घसरायची. त्यामुळे पडवीत नुसतं कानावर पडलं तरी कळायचं, की आत्ता काम चाललंय की आनंद.

सरांच्या पत्नी, आमच्या काकी, सांगलीकडच्या. त्यांना समुद्र आवडत नव्हता आणि हे करवंट्यांचं प्रकरण तर मुळीच नव्हतं. एका उन्हाळ्यात त्यांनी तांदळाचे पापड वाळत घातले. काही सपाट वाळले, काही उन्हात वळून होडीसारखे झाले. सरांनी त्यातले वाकडे वेगळे काढले, पडवीत ओळीने पालथे मांडले आणि प्रत्येकावर तांदळाचे दाणे ठेवत, कुठला पापड किती दाण्यांना मोडतो, ते मला मोजायला बसवलं. दुपारी काकी बाहेर आल्या. त्यांनी पापडांचा चुरा बघितला, मला बघितलं.

"आमच्या घरात पापड तळत नाहीत," त्या म्हणाल्या. "तपासतात."

पण त्याच काकींनी एकदा, सर आंघोळीला गेले असताना, मला खालच्या आवाजात सांगितलं, "तीस वर्षं ही कवचं शिकवली त्यांनी. किती मुलांनी परीक्षा दिल्या, किती जण परदेशात गेले. स्वतः एकही बांधलेलं नाही. कुणी बांधायलाच दिलं नाही. रोज फळ्यावर काढायचं आणि तास संपला की पुसायचं."

ते मला माहीत नव्हतं. त्यांचा उत्साह बघून मी धरून चालले होते, की यांनी डझनभर तरी बांधली असतील.

मग दोन हजार तीनच्या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या लिलावाच्या शेडीचा प्रश्न आला. होड्या लागल्या की मासळीचा लिलाव तिथेच व्हायचा आणि नंतर बायका तिथेच बसून विकायच्या. वर पत्रे होते. खाऱ्या वाऱ्याने दर तीन-चार वर्षांनी त्यांची चाळण व्हायची, आणि मागच्या वादळात अर्धे पत्रे उडून माडांत अडकले होते. एक पत्रा कुणाच्या तरी पायावर पडला. आता पक्कं छप्पर मंजूर झालं होतं आणि नकाशाचं काम सरांकडे आलं होतं.

त्या दिवशी सर जेवले नाहीत, छप्पर काढतच बसले. तीस फूट लांब, तीस फूट रुंद. मधे एकही खांब नाही. दोन समोरासमोरचे कोपरे माणसाएवढ्या उंच, जाड पायांवर टेकलेले, दोन वर उचललेले, पंख पसरलेल्या बगळ्यासारखे. आणि जाडी तीन इंच.

किनाऱ्यावर बैठक झाली तेव्हा जानकीमावशीने पहिल्यांदा जाडीच विचारली. सरांनी तीन बोटं आडवी धरून दाखवली.

"इतक्याच?" ती म्हणाली. "माझ्या पोळपाटाची जाडी त्याच्यापेक्षा जास्त आसा."

बायका हसल्या. सरांनी तिथेच पडलेला जाळ्याचा हातभर तुकडा उचलला. दोन कोपरे मावशीच्या हातात दिले, दोन माझ्या. जाळं सरळ धरलं तेव्हा त्याची घरं चौकोनी होती. मग सरांनी आम्हाला दोन समोरासमोरचे कोपरे तिरके ओढायला लावले. चौकोनांची शंकरपाळी झाली.

"ह्या आमका शिकवतास?" मावशी म्हणाली. "जाळा तिरक्या वडला काय असाच होता."

"ह्याच कातर," सर म्हणाले. "एका बाजून ताणता, दुसऱ्या बाजून दाबता. छपराच्या कातडीत असाच होतला. ताणता त्या दिशेन आपण लोखंड घालतलंव. दाबता त्या दिशेन सिमेंट. दोगांनी आपापला काम केला तर तीन इंच खूप झाले."

एकदोघींनी जाळ्याचा तुकडा स्वतः तिरका ओढून बघितला. पटलं होतं असं नाही, पण आता चेष्टा करत नव्हत्या. आणि सरांचं गणित मी त्या दिवशी पहिल्यांदा मालवणीत ऐकलं.

लाकूडकाम बाबल मेस्ताकडे. तो होड्या बांधणारा सुतार, अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्या हाताचं नाव. छपराचा वाकडा आकार ऐकून तो खूश झाला. "फळ्यो वाकवूक माझ्यासारखो कोण नाय," तो म्हणाला. "वाफेवर धरतंय, पाणी मारतंय, व्हया तशी वाकवतंय."

"एकव वाकवची नाय," सर म्हणाले.

त्यांनी दोन वेताच्या काठ्या घेतल्या. दोन्हींवर सारख्या अंतराने खाचा, आणि खाचेतून खाचेत ताणलेले दोरे. काठ्या समांतर धरल्या तेव्हा दोऱ्यांचा सपाट पडदा झाला. मग एक काठी तशीच ठेवून दुसरी तिरपी केली. सगळे दोरे सरळच राहिले आणि पडदा मात्र घोड्याच्या खोगिरासारखा वळला.

बाबल मेस्त खाली बसला. काठी स्वतःच्या हातात घेऊन त्याने ती तिरपी केली, सरळ केली, पुन्हा तिरपी केली.

"ह्यात एकव दोरो वाकडो नाय," तो म्हणाला.

"नाय."

"आणि छप्पर वाकडा."

"होय."

"मगे इतकी वर्सां मी वाफेर हात कित्याक भाजून घेतलंय?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून त्या दोघांची जोडी जमली. रोज सकाळी सात वाजता दोघे किनाऱ्यावर. मी आठच्या एसटीने पोचायची तोवर त्यांचे दोन वाद होऊन गेलेले असायचे. टेकू उभे राहिले, त्यावर सरळ फळ्यांच्या रांगा बसल्या, आणि बघता बघता वाळूवर एक लाकडी पाखरू उभं राहिलं. लोक संध्याकाळी ते बघायला यायला लागले.

तिथे एक अडचण निघाली. रस्त्याकडचं उचललेलं टोक विजेच्या तारांच्या फार जवळ जात होतं. सरांनी वर बघितलं, तारांकडे बघितलं आणि उन्हात उभ्या उभ्याच सांगितलं, "दोन्ही टोकां दोन फूट खाली घे." आठ फुटांचा उठाव, म्हणजे पायांच्या माथ्यापासून टोकाची उंची, सहा फुटांवर आला. घरी येऊन त्यांनी छपराच्या जाळीच्या सळ्या नव्याने काढल्या, कडेच्या बीमच्या सळ्या वाढवल्या. उठाव कमी झाला की कातर वाढते; छप्पर जितकं चपटं, तितकं त्याला कष्ट जास्त. ते त्यांच्या हाडात होतं.

सिमेंट टाकण्याच्या दिवशी अख्खी वाडी आली. उतारावर पातळ माल घसरू नये म्हणून तो घट्ट ठेवायचा होता आणि थापटून बसवायचा होता. बायकांनी घमेल्यांची रांग लावली, मेस्ताच्या माणसांनी फळ्यांवर पालथं पडून हाताने माल लिंपला. सर एका सळईवर तीन इंचांची खूण करून ती दर हातभर अंतरावर खुपसत होते. संध्याकाळी सगळं राखाडी झालं, ओल्या गोणपाटाखाली झाकलं गेलं, आणि मग महिनाभर रोज गोड्या विहिरीचं पाणी त्यावर पडत राहिलं.

त्यांच्या चुकांच्या वहीबद्दल इथेच सांगायला हवं. सरांची एक लांबोडी वही होती. स्वतःची चूक सापडली की ते ती तारखेसह लिहायचे: काय केलं, काय करायला हवं होतं, कुणाला सापडली. कॉलेजातल्या मुलांची नावं त्यात होती, एका शिपायाचंही होतं. सर गेल्यावर, दोन हजार नऊमध्ये, काकींनी ती वही मला दिली. शेवटच्या पानांवर आजारपणातलं थरथरतं अक्षर आहे, औषधाच्या गोळ्या चुकीच्या मोजल्याचीही नोंद आहे.

त्या वहीत माझं नाव एकदाच आहे. ते असं.

टेकू काढायचा दिवस ठरला होता. रविवार. सगळ्यांना आमंत्रणं गेली होती, नारळ आणून ठेवला होता. त्याआधीच्या बुधवारी सरांनी मला प्रत्यक्षात जसं बांधलंय तसा नकाशा करायला सांगितलं. मी उठाव सहा फूट लिहिला, छपराच्या सळ्या बदलल्या, बीमच्या बदलल्या. मग जमिनीखालचा टाय काढायला घेतला.

टाय म्हणजे त्या छपराचे दोन पाय एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या, फरशीखालून जाणाऱ्या सळ्या. छपराचा सगळा भार कडेच्या बीममधून उतरून त्या दोन पायांशी येतो आणि पायांना बाहेर ढकलतो. पुस्तकांच्या चळतींचं काम इथे टाय करतो. तो सगळ्यांत आधी पुरला गेला होता, टोकं खाली घेण्याच्या कितीतरी आधी. त्यात तीन सळ्या होत्या. आठ फुटांच्या हिशेबाने तीन बरोबर होत्या. मी सहा फुटांचा हिशेब केला. चार यायला लागल्या.

मी तो पाच वेळा केला. सर आतल्या खोलीत काकींना काहीतरी वाचून दाखवत होते. एकवीस वर्षांची मी, तीस वर्षं हेच शिकवणाऱ्या माणसाला त्याच्या एकुलत्या एका छपराबद्दल हे सांगणार होते. घरी निघून जावं, उद्या बघू, असंही मनात आलं. पण कागद हातात घेऊन मी दारात जाऊन उभी राहिले.

"सर, टाय."

त्यांनी कागद घेतला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी दचकले.

"अगो, चूक गावली," ते माझ्याकडे बोट दाखवत काकींना म्हणाले. मालवणीत. "चेडवान चूक गावयल्यान. टाय रवलो. मी सगळा बदललंय आणि टाय इसारलंय."

ते खोलीत फेऱ्या मारायला लागले. मला पाच मिनिटांत दहा प्रश्न विचारले, हिशेब स्वतः केला, तोच आकडा आल्यावर टाळी वाजवली. काकींनी मला गूळ-खोबरं आणून दिलं, कारण त्या घरात चूक सापडवणाऱ्याचं तोंड गोड करायची रीत होती. सरांनी वही उघडली, लिहिलं, माझं नाव घातलं. मग टोपण लावता लावता त्यांचा हात थांबला. त्यांनी माझा कागद उचलला आणि चपला घातल्या.

"चल," ते म्हणाले. "आत्ताच सांगायला हवं."

आम्ही पोचलो तेव्हा लिलाव संपला होता. बायका पाट्या धूत होत्या. बाबल मेस्त टेकूंच्या पाचरी तपासत होता. सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि उभ्यानेच सांगितलं: टोकं खाली घेतली तेव्हा जमिनीतलं लोखंड वाढवायचं राहिलं, चारच्या जागी तीन सळ्या पडल्या, रविवारी टेकू निघणार नाहीत.

"माझ्या फळयेत काय कमी रवला?" मेस्ताने विचारलं. त्याचा आवाज चढला होता.

"तुझी एकव चूक नाय, बाबल. सगळी माझी."

मागून एक बाई म्हणाली, ह्या छपराखाली आपण बसणार नाही. दुसरी म्हणाली, मोडून टाका, पत्रेच बरे होते. गलका वाढला. सरांच्या हातात माझा तो कागद होता आणि वाऱ्याने तो फडफडत होता. जानकीमावशी पाटी खाली ठेवून पुढे आली.

"सर, तुमी सांगला नसतास तर छप्पर पडला असता?"

"बहुतेक पडला नसता."

"मगे सांगलास कित्याक?"

सरांनी विचार केला. खरोखरच विचार केला. वर्गात मुलाने प्रश्न विचारल्यावर करावा तसा.

"बहुतेक म्हणजे किती, ता माका म्हायत नाय म्हणान."

मावशी बायकांकडे वळली. "शिळो बांगडो ताजो म्हणान इकणारी बायल मी दुरसून वळखतंय," ती म्हणाली. "ह्यो माणूस तसलो नाय. आता चर खणूक कोण कोण येतला, ता सांगा."

मग जी मोडून टाका म्हणाली होती, तीच पदर खोचत पुढे आली.

चार दिवस खणलं. सकाळचा लिलाव आटोपला की बायका घमेली घेऊन यायच्या. बेचाळीस फुटांचा चर, छपराच्या सावलीत, टेकूंच्या मधून वाट काढत. कमरेएवढं खणल्यावर खालून पाणी लागलं. सरांनी ओंजळीत घेऊन तेही चाखलं. "खारा आसा," म्हणाले, आणि कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. पाणी उपसत उपसत जुना टाय सोडवला. दोन्ही पायांच्या मागे जाड लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि पायांच्या दोन्ही अंगांनी नव्या सळ्या एका पट्टीपासून दुसरीपर्यंत नेल्या. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारागिराने त्यांच्या टोकांना आटे पाडून दिले होते.

नट आवळायचं काम सरांनी मला दिलं. हातभर लांब पाना घेऊन मी एकेक फेरा आवळायची आणि ते चरात बसून सळईवर हातोडीने हलकंच टिचकी मारायचे. आधी सळई नुसती ठक्क वाजायची. मग तिच्यात सूर यायला लागला. फेऱ्यागणिक तो चढत गेला, आणि सरांनी हात वर केला. "बास. आता ती कामाला लागली." वरच्या काठावर बायका ओळीने वाकून ऐकत होत्या. मग सगळं पुन्हा सिमेंटात गाडलं आणि आणखी तीन आठवडे वाट बघितली.

टेकू काढले तो दिवस मला अजून तासातासाने आठवतो. सकाळी आठला सुरुवात. आधी दोन्ही उंच टोकांखालच्या पाचरी, मग आत आत येत, पायांच्या दिशेने. प्रत्येक पाचर एका वेळी फक्त बोटभर सैल करायची. मेस्ताची सहा माणसं, एकाच वेळी सहा ठोके. सरांनी टोकाला ओळंबा बांधून खाली जमिनीत एक खिळा ठोकला होता आणि खिळा आणि ओळंब्याच्या मधे किती अंतर राहतंय, ते मी दर फेरीला मोठ्याने सांगायचं. किनाऱ्यावर तीनेकशे माणसं होती. पण लाटा आणि ठोके सोडून आवाज नव्हता.

चौथ्या फेरीत टोक हललं. करंगळीच्या नखाएवढं खाली आलं. मी सांगितलं. सरांनी चालू द्या म्हणून मान हलवली. पाचवी फेरी: आकडा तोच. सहावी: तोच. सातव्या फेरीला मेस्ताने टोकाखालच्या टेकूला हात लावला आणि तो दारासारखा हलला.

"सर," तो म्हणाला, "ह्येच्यार कायच नाय. ह्यो नुसतो उभो आसा."

त्याने तो टेकू उचलला आणि वाळूवर आडवा ठेवला. मग दुसरा. मग माणसं धावली आणि अर्ध्या तासात सगळं लाकूड बाहेर आलं. छपराखाली नुसती हवा राहिली. पलीकडे समुद्र दिसायला लागला, जो महिनेच्या महिने टेकूंच्या रानामागे दिसत नव्हता. बाबल मेस्त लांब जाऊन उभा राहिला आणि त्याने खिशातून रुमाल काढला. नारळ कुणी फोडला, मला आठवत नाही.

सर छपराच्या मधोमध गेले. वर बघितलं. मग चपला काढल्या, ओल्या फरशीवर उताणे झोपले, दोन्ही हात पसरले आणि तसेच बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तर ते बोटाने हवेत रेघा काढत पुटपुटत होते, "इथून दाबत आला, इथून ताणत गेला, इथे कडेला उतरला," आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

तोवर दोन होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. सुरमई होती. बायका पाट्या घेऊन आत शिरायला लागल्या. पहिल्या दोघी-तिघी वर बघत बघत, मागच्या सरळ आपापली जागा धरायला. सर मधेच आडवे. त्यांना वळसा घालून माणसं जात होती. जानकीमावशी त्यांच्या उशाशी येऊन थांबली, डोक्यावर भरलेली पाटी घेऊन.

"सर, वायच सरका," ती म्हणाली. "माका पाटी ठेवची आसा."

सर छपरावरची नजर न काढता, झोपल्या झोपल्याच हातभर डावीकडे सरकले. मावशीने पाटी उतरवली, आणि लिलाव सुरू झाला.